गरोदरपणी तणनाशकाशी आलेला संपर्क आणि मुलग्याच्या जननेंद्रियांची घडण

राजापूर तालुक्यातील एका बागायतदाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या पत्नीला पाचवा महिना सुरू आहे. श्रावणात आंबा-काजूच्या बागेतील गवत मारण्यासाठी त्यांनी पाठीवरच्या पंपाने ग्लायफोसेट फवारले, तेव्हा तिला दोन-अडीच महिने झाले होते. पंपासाठी पाणी आणून देणे आणि फवारणीचे कपडे धुणे ही दोन्ही कामे तिनेच केली. त्याआधी आषाढात, लावणीच्या सुमारास, भाताच्या खाचरात दुसरे एक तणनाशक टाकले होते. त्याचे नाव त्यांना आठवत नाही. शेजारच्या घरात राहणाऱ्या चुलतभावाचा मुलगा आता अकरा महिन्यांचा आहे, तो आठव्या महिन्यातच जन्मला होता, त्याची एका बाजूची गोळी अजून पिशवीत उतरलेली नाही आणि त्या घरीही अशीच फवारणी होत असते. आपल्याला मुलगा झाला तर त्याच्यात असा दोष राहील का आणि आता हातात काय आहे, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली सव्वीस वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करतो. काळजीत असलेल्या माणसाला शास्त्र ऐकवण्याआधी उत्तर द्यावे असे मला वाटते, म्हणून आधी उत्तर देतो. आपण वर्णन केलेला संपर्क टाळायला हवा होता आणि इथून पुढे तो पूर्णपणे थांबायला हवा. परंतु तेवढ्यावरून होणारे बाळ सदोष जन्मेल असे मानण्यास आधार नाही. ज्या स्त्रिया कामाच्या निमित्ताने रोज कीडनाशकांच्या सान्निध्यात होत्या, त्यांच्या मुलग्यांपैकीसुद्धा फार मोठी संख्या निर्दोष जन्मलेली आहे. आपले मन राखण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यामागचे आकडे पुढे देतो.

गर्भ सहा आठवड्यांचा होईपर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या जननग्रंथी एकसारख्याच असतात. त्यानंतर वाय गुणसूत्रावरील एसआरवाय या जनुकामुळे, ज्याचा शोध १९९० मध्ये लागला, त्या ग्रंथीचे वृषणात रूपांतर सुरू होते. वृषणातील लायडिग पेशी आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास टेस्टोस्टेरॉन तयार करू लागतात, तर सर्टोली पेशींचे संप्रेरक गर्भाशय आणि बीजवाहिन्या बनवू शकणाऱ्या नळ्या विरघळवून टाकते. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग अधिक प्रभावी अशा डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये बदलतो, आणि त्याच्या जोरावर शिश्न आकार घेते, मूत्रमार्गाची पन्हळ खालून वर मिटत जाऊन तिची नळी होते आणि अंडकोशाची पिशवी तयार होते. वृषण मात्र या सर्व काळात पोटात, मूत्रपिंडाच्या शेजारी असतात. तिथून जांघेपर्यंत ते एका वेगळ्या संप्रेरकाच्या मदतीने सरकतात आणि सातव्या-आठव्या महिन्यात टेस्टोस्टेरॉनच्या प्रभावाखाली पिशवीत उतरतात.

या साखळीत वेळेला असाधारण महत्त्व आहे. एडिंबरा येथील रिचर्ड शार्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात, पुरुष संप्रेरकाची क्रिया अडवणारे औषध गाभण उंदरिणींना निरनिराळ्या दिवशी देऊन पाहिले. गाभणपणाच्या साडेपंधरा ते साडेअठरा या अवघ्या तीन दिवसांत औषध मिळाले, तर नर पिल्लांत मूत्रमार्गाचे छिद्र खाली राहणे, वृषण न उतरणे आणि शिश्न लहान राहणे हे दोष आढळले. तेच औषध त्यानंतर दिले तर ते दोष दिसले नाहीत. मानवी गर्भात हा काळ साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यांचा धरला जातो. लावणीनंतर फुटव्याच्या दिवसांत भाताला पाणी तुटले, तर पुढे पाऊस कितीही पडला तरी गेलेले फुटवे भरून येत नाहीत. हेही तसेच आहे. या काळात संप्रेरक कमी पडले होते का याची एक खूण आयुष्यभर टिकते. गुदद्वार आणि जननेंद्रिय यांमधील अंतर मुलग्यांत मुलींच्या जवळजवळ दुप्पट असते, आणि त्या आठवड्यांत संप्रेरक कमी पडलेल्या मुलग्यांत ते आखूड राहते. संशोधक नवजात बाळांत हे अंतर मोजतात ते त्यासाठीच.

म्हणजे आपली आषाढातील फवारणी या काळाच्या आधीची आहे आणि श्रावणातील फवारणी नेमकी त्या काळातील आहे. त्यामुळे श्रावणात कोणते द्रव्य होते, हा प्रश्न पुढे येतो.

‘तणनाशक’ हे एका पदार्थाचे नाव नाही, आणि या विषयावरील बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. नर गर्भावरील परिणाम सर्वांत स्पष्टपणे दाखवलेले तणनाशक म्हणजे लिन्युरॉन. ते टेस्टोस्टेरॉनची जागा अडवते आणि गर्भाच्या वृषणातील त्याची निर्मितीही कमी करते. गाभण उंदरिणींना ते दिल्यावर नर पिल्लांत वर सांगितलेले अंतर आखूड झाले, मादीसारखी स्तनाग्रे टिकून राहिली आणि शुक्राणू साठवणाऱ्या नलिका अर्धवट राहिल्या. भारताने ८ ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने लिन्युरॉनवर बंदी घातली, आणि युरोपीय संघानेही २०१७ मध्ये त्याची मान्यता पुढे चालू ठेवली नाही. मात्र त्या प्रयोगांतील मात्राही लक्षात घ्यायला हवी. ती दर किलो वजनामागे दररोज ५० ते १०० मिलिग्रॅम अशी होती. पंचावन्न किलो वजनाच्या स्त्रीच्या हिशेबाने हे शुद्ध द्रव्य रोज पावणेतीन ते साडेपाच ग्रॅम होते आणि ते सलग काही दिवस पोटात गेलेले असते. उंदीर आणि माणूस यांची तुलना अशी सरळ गुणाकाराने होत नाही हे खरे, तरीही कपडे धुताना त्वचेला लागणारा अंश या मात्रेच्या आसपासही जात नाही. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पुरुष संप्रेरकाला विरोध करणारी अनेक द्रव्ये एकत्र दिली, तर एकेकटे निरुपद्रवी वाटणारे प्रमाणही एकत्रितपणे परिणाम घडवते, हे प्राण्यांत अनेकदा दाखवले गेले आहे. आपल्या बागांत तणनाशकाबरोबर बुरशीनाशक आणि कीटकनाशकही असते. अशा द्रव्यांपैकी विन्क्लोझोलिन या बुरशीनाशकाची आणि डीडीटीपासून शरीरात बनणाऱ्या डीडीईची संप्रेरकविरोधी क्रिया १९९० च्या दशकातच सिद्ध झाली होती.

अ‍ॅट्राझिनचे नाव वर्तमानपत्रांत अधिक येते. हे तणनाशक मका आणि ऊस यांत वापरले जाते, म्हणून घाटावर जास्त आणि आपल्याकडे कमी. कॅलिफोर्नियातील संशोधक टायरोन हेज यांनी २००२ मध्ये, पाण्यात अत्यल्प अ‍ॅट्राझिन असतानाही नर बेडकांच्या जननग्रंथींत बिघाड होतो असे मांडले आणि त्यावरून मोठा वाद झाला. माणसांबाबत फ्रान्सच्या ब्रिटनी या किनारी शेतीप्रदेशातील गरोदर स्त्रियांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या लघवीत अ‍ॅट्राझिनच्या खुणा होत्या त्यांच्या बाळांची वाढ कमी असण्याचा आणि डोक्याचा घेर लहान असण्याचा संबंध त्यात दिसला. मोठ्या जन्मजात दोषांशी संबंध दिसला नाही.

आता आपल्या ग्लायफोसेटविषयी. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले, तेव्हापासून त्याविषयी भीती आहे. पण तो निष्कर्ष कर्करोगासंबंधी आहे, गर्भाच्या घडणीसंबंधी नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये ९४ माता आणि त्यांच्या नवजात बाळांची पाहणी प्रसिद्ध झाली. आईच्या लघवीतील ग्लायफोसेट आणि मुलग्यांमधील गुदद्वार-जननेंद्रिय अंतर यांचा संबंध त्यात आढळला नाही. मुलींमध्ये मात्र अंतर किंचित वाढलेले आढळले. बाळांची संख्या लहान आहे, म्हणून यावरून हे द्रव्य निर्धोक ठरत नाही. पण मुलग्यांच्या बाबतीत आपल्याला जी भीती वाटते, तिला या निष्कर्षाचा आधार मिळत नाही हे नक्की. शिवाय बाटलीत ग्लायफोसेट एकटे नसते; पानावर थेंब पसरावा म्हणून साबणासारखी द्रव्ये घातलेली असतात आणि काही बाबतींत पेशींना तीच अधिक त्रासदायक ठरतात. एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्या देशात या तणनाशकाची नोंदणी चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा यांपुरती आहे, आणि केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने त्याचा वापर अधिकृत कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. दुकानात ते सहज मिळते याचा अर्थ आंब्याच्या बागेत ते मारण्याला मान्यता आहे असा होत नाही.

भातखाचरातील द्रव्याचे नाव दुकानाच्या पावतीवर मिळेल. आपल्याकडे लावणीच्या सुमारास बहुधा ब्युटाक्लोर, प्रेटिलाक्लोर किंवा ऑक्साडायर्जिल वापरतात. नाव शोधून ठेवा आणि पत्नीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कागदांवर ते लिहून घ्या.

माणसांतील सर्वांत बोलका पुरावा डेन्मार्कमधील आहे. तिथे फ्यून बेटावरील काचघरांत फुले-भाज्या पिकवणाऱ्या कामगार स्त्रियांच्या मुलग्यांची तपासणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांच्या वयात न उतरलेल्या वृषणाचे प्रमाण त्यांच्यात ६.२ टक्के होते, तर कोपनहेगनमधील सर्वसाधारण मुलग्यांत १.९ टक्के. ज्यांच्या आयांचा संपर्क आला होता त्यांच्यात शिश्नाची आणि वृषणांची वाढही थोडी कमी होती. गरोदर स्त्रियांसाठी विशेष काळजीचे नियम असलेल्या देशात हे दिसले, म्हणून मी ते गंभीरपणे घेतो. पण याच आकड्याचा दुसरा अर्थ असा की रोजच्या संपर्कातील आयांच्याही शंभरातील ९४ मुलांचे वृषण जागेवर होते. आपल्याच किनाऱ्याने दक्षिणेला गेल्यावर कासरगोड लागते. तिथे काजूवरच्या ढेकण्यासाठी वीस वर्षांहून अधिक काळ हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. ते कीटकनाशक आहे, तणनाशक नव्हे. तरीही अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेचा २००३ चा अभ्यास इथे मोलाचा आहे. फवारणीच्या गावातील ११७ आणि दुसऱ्या गावातील ९० मुलगे तपासले असता, पहिल्या गटात वयात येणे लांबलेले आणि टेस्टोस्टेरॉन कमी आढळले. वृषण उतरण्याशी संबंधित जन्मजात दोष ५.१ टक्के विरुद्ध १.१ टक्के होते, पण संख्या लहान असल्याने हा फरक योगायोगाचाही असू शकेल असे संशोधकांनीच नोंदवले. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये देशभर बंदी घातली.

हे वाचताना चुलतभावाच्या मुलाची आठवण होणे साहजिक आहे. परंतु पूर्ण दिवसांच्या दर शंभर मुलग्यांत दोन ते चार जणांचे वृषण जन्मतः उतरलेले नसते आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलांत हेच प्रमाण सुमारे तीस असते, कारण उतरण्याचे काम शेवटच्या महिन्यांतच होते. आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत फवारणीपर्यंत जाण्याची गरज नाही. लवकर जन्मणे हे पुरेसे कारण आहे. बाळंतिणीला आधीच पुष्कळ ऐकावे लागते. हा दोष तिच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या माथी मारू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहून अनेक बागायतदार मला सांगतात की हिरवा आहे, म्हणजे चालेल. तो रंग एवढेच सांगतो की प्रयोगातील निम्मे प्राणी एका वेळी किती मात्रेने मरतात. लाल सर्वांत तीव्र, मग पिवळा, निळा आणि हिरवा. पोटातल्या बाळावर काय होईल याच्याशी त्याचा संबंध नाही. गरोदर स्त्रीसाठी कोणताही रंग चालत नाही.

इथून पुढचे सांगतो. फवारणी, द्रावण कालवणे, पंप हाताळणे आणि ते कपडे धुणे यांपैकी कोणतेही काम पत्नीने करू नये. दूध पाजण्याच्या महिन्यांतही करू नये. फवारणी करणाऱ्याने कपडे पडवीत न आणता बाहेरच उतरवावेत, स्वतः वेगळ्या बादलीत धुवावेत आणि अंघोळ करूनच घरात यावे. कॅनडातील ओंटारियोमध्ये टू-फोर-डी हे तणनाशक वापरणाऱ्या ९७ शेतकऱ्यांचे वीर्य तपासले तेव्हा जवळपास निम्म्या नमुन्यांत ते सापडले होते, म्हणून फवारणीनंतरच्या दिवसांत निरोध वापरणे शहाणपणाचे आहे. पंप विहिरीच्या काठावर धुण्याची आपल्याकडची सवय मला सर्वांत जास्त बोचते. कठड्याला टेकवलेला पंप, जांभ्याच्या फटीत मुरणारे फेसाळ पाणी आणि दोन हातांवर पिण्याची कळशी, हे चित्र मी घराघरांत पाहिले आहे. ग्लायफोसेट लोह आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांना घट्ट चिकटते आणि आपली जांभी माती त्यांनीच भरलेली आहे, त्यामुळे त्याचा बराच भाग मातीत अडकतो. पण अ‍ॅट्राझिनसारखी द्रव्ये अशी अडकत नाहीत, आणि जांभ्याच्या भेगांतून थेट विहिरीत गेलेल्या धुवणाला मातीची गाळणी मिळतच नाही. पाणी उकळल्याने ही द्रव्ये जात नाहीत. म्हणून पंप विहीर आणि पऱ्या यांपासून दूर, बागेतच धुवावा, आणि शक्य असेल तर पुढील वर्षी गवतासाठी ग्रास कटर किंवा हाताने बेणणी करावी. माणसे मिळत नाहीत आणि मजुरी परवडत नाही हे मला ठाऊक आहे. निदान घरात गरोदर स्त्री असेल त्या वर्षी तरी हा खर्च करावा.

सोनोग्राफीत बाळाचे लिंग विचारू नका. ते सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आपल्या प्रश्नासाठी त्याची गरजही नाही, कारण मुलगा असो वा मुलगी, आता घ्यायची काळजी एकच आहे.

मुलगा झाला तर पहिल्याच दिवशी तपासणी करून घ्या आणि ती कागदावर लिहून मागा. चांगल्या तपासणीला दोन मिनिटे लागतात. खोली उबदार हवी आणि डॉक्टरांचे हात त्याहून उबदार हवेत, कारण गार स्पर्शाने उतरलेला वृषणही वर सरकतो. एका हाताची बोटे जांघेवरून हळूहळू खाली नेली की वाटाण्याएवढी मऊ, निसटती गोळी दुसऱ्या हाताच्या चिमटीत लागते. ती लागली नाही तर ‘उजवी लागत नाही’ किंवा ‘डावी जांघेत लागते’ असे स्पष्ट लिहायला हवे. लघवीचे छिद्र टोकावर आहे का हेही पाहावे. ते खाली असण्याचा दोष साधारण दोनशे ते तीनशे मुलग्यांत एकाला असतो, आणि असा दोष असेल तर सुंता करू नये, कारण दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेत पुढची कातडीच वापरावी लागते. आपल्या किनाऱ्यावरील मुस्लिम कुटुंबांना हे कुणीतरी वेळीच सांगायला हवे. दोन्ही गोळ्या अजिबात लागत नसतील, किंवा गोळी न लागणे आणि छिद्र खाली असणे हे दोन्ही एकत्र असेल, तर ‘बघू’ म्हणून घरी जाऊ नये. त्यामागे मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचा असा विकार असू शकतो ज्यात पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शरीरातील मीठ घटून बाळ दगावू शकते. रक्ततपासणीने तो ओळखता येतो आणि औषधाने आटोक्यात राहतो.

एका बाजूची गोळी उतरलेली नसेल तर मात्र थांबता येते, पण त्याला मुदत आहे. जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे टेस्टोस्टेरॉन पुन्हा एकदा वाढते आणि त्या काळात अनेक वृषण आपोआप उतरतात. वर्षाच्या आत न उतरलेल्या वृषणाचे प्रमाण साधारण एक टक्क्यावर येते. सहा महिन्यांनंतर उतरण्याची आशा फारशी उरत नाही. पिशवी शरीराहून दोन-तीन अंशांनी थंड असते. पोटाच्या उष्णतेत राहिलेल्या वृषणातील बीजपेशी पहिल्या वर्षापासूनच कमी होऊ लागतात. म्हणून शस्त्रक्रिया सहा महिन्यांनंतर, आणि उशिरात उशिरा अठरा महिन्यांच्या आत व्हावी असे आम्ही मानतो. काही वर्षांपूर्वी एक आजी नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. त्यांच्याजवळ एका डॉक्टरांची जुनी चिठ्ठी होती, ‘मोठा झाल्यावर उतरेल’ असे त्यावर लिहिले होते आणि त्यांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. मुलाचा वृषण शेंगदाण्याएवढा राहिला होता. शस्त्रक्रिया केली, तो खाली आणला, पण गेलेली आठ वर्षे परत आणता आली नाहीत. स्वीडनमधील २००७ च्या एका मोठ्या अभ्यासानुसार तेरा वर्षांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत वृषणाच्या कर्करोगाचा धोका सर्वसाधारण पुरुषांच्या सुमारे सव्वादोन पट, तर त्यानंतर झालेल्यांत तो पाच पटींहून अधिक आढळला.

आपला प्रश्न जन्माला न आलेल्या बाळाविषयी आहे, पण मुदत चालू आहे ती चुलतभावाच्या मुलाची. अपुरे दिवस वजा केले तरी तो साडेनऊ महिन्यांचा भरतो, म्हणजे वाट पाहण्याचा काळ त्याने ओलांडला आहे. त्याला दिवाळीनंतर नव्हे, याच महिन्यात बालशल्यचिकित्सकांकडे न्या, आणि जाताना जन्माच्या वेळचे कागद बरोबर घ्या, कारण त्या दिवशी गोळी जांघेत लागत होती की नव्हती यावर शस्त्रक्रिया जांघेतून करायची की दुर्बिणीने पोटात पाहायचे हे ठरवायला मदत होते.